त्राटिकेची गादी

आमच्या प्रयोगशाळेत ऋतू येत नाहीत. त्यांना तिथे बंदी आहे. खिडक्या कायमच्या बंद, पडदे ओढलेले आणि कोपऱ्यात हवेतली ओल मोजत बसलेलं एक यंत्र. बाहेर मुंबई घामाने निथळत असो की गटारं तुंबून रस्ते भरोत, आत दगडाच्या देवींना आणि पितळी दीपलक्ष्म्यांना बारा महिने तीच हवा, तोच मंद उजेड. मी कलासंग्रहालयात जुन्या वस्तू जतन करण्याचं काम करते. कोणाचा मनगटापासून तुटलेला हात, कोणाच्या अंगावर चढलेली हिरवी पूड, कोणाला लागलेली वाळवी. माझे वडील लोकांना सांगतात, माझी लेक देवांची दुखणी काढते.

तर अशा बंद खोलीतही शिमगा सरला की मला कळतं. यंत्राला कळत नाही, माझ्या नाकाला कळतं. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे तेव्हा शेतात राब भाजतात. पालापाचोळा, शेणकूट, वाळक्या फांद्या पसरून जमीन भाजायची, म्हणजे पुढे तिथे भाताची, नागलीची रोपं तरारून येतात. त्या धुराचा वास अंगणात, अंथरुणात, भाताच्या घासात असतो. झाडाखाली मोहाची फुलं पडलेली असतात, आणि विहिरीवर भांड्यांच्या रांगा लागतात. भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली माणसं एकेक करून परत यायला लागतात. कारण बोहाडा जवळ आलेला असतो.

ज्यांनी बोहाडा पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही, पण थोडं सांगते. गावात मुखवट्यांचा उत्सव. संबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि गणपती, नरसिंह, रावण, भस्मासुर अशी एकेक सोंगं नाचत येतात. आमच्या गावात प्रत्येक मुखवट्याचा मान एकेका घराकडे. तो मुखवटा त्या घराने सांभाळायचा, रंगवायचा, आणि त्या घरच्या पुरुषाने नाचवायचा. गणपती-सरस्वतीचा मान असलेली घरं जरा तोऱ्यात असतात. आमच्या वाट्याला त्राटिका. लहानपणी मला याचं वाईट वाटे. बाबा म्हणायचे, देव काय, कोणाच्याही घरात राहतात, राक्षशीण सांभाळायला घर लागतं.

बाबा जव्हारच्या कचेरीत कारकून होते. आम्ही राहायचो जव्हारला, पण घर म्हणजे पोशेऱ्याच्या अंगाला असलेलं गावचं घर. पाडव्याच्या आसपास तिथे जायचं, आणि बाबांनी माळ्यावरून घोंगडीत गुंडाळलेली त्राटिका उतरवायची. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होती ती. टपोरे डोळे, बाहेर आलेले सुळे, गालफडं लालभडक. ओटीवर मांडी घालून बाबा तिला मांडीवर घेत. विलास माझा धाकटा भाऊ. तो मागून तिच्यात तोंड खुपसायचा, आतून गुरगुरायचा, आणि सगळे हसायचे. मला पाणी आणायला सांगायचे. पोरीने मुखवटा तोंडाला लावायचा नसतो, असं आई म्हणायची, आणि ते अशा आवाजात की जणू मला पाऊस पडतो तेव्हा बाहेर कपडे वाळत घालू नकोस असं काही साधं सांगते आहे.

बरं, बाईचा आणि मुखवट्याचा संबंधच नाही असंही नव्हतं. मुखवटा जड, नाच मोठा, आत कपाळाला लाकूड रुतू नये म्हणून जाड कापडी पट्टी शिवलेली असते. आम्ही तिला नुसतं गादी म्हणतो. ही गादी घरच्या सुनेच्या जुन्या लुगड्याची करायची, ही आमच्या घरची रीत. आजीच्या लुगड्याचा थर होता, त्यावर आईच्या. आईने आपलं अंजिरी लुगडं फाडून घडी घातली होती, सुती दोऱ्याने टाचून बसवली होती. मी शेजारी बसून दोरा ओवून द्यायचे. माझ्या परकराची चिंधी घाल ना, असं मी म्हटलं होतं. आई म्हणाली, लेकीचं कापड नाही चालत, लेक दुसऱ्या घरची. मग तिने दोरा दातांनी तोडला.

मी हे काम का निवडलं, असं मला मुलाखतींत विचारतात. मी वारसा, संस्कृती असं काहीबाही बोलते. खरं सांगायचं तर मुखवट्याला हात लावायला मिळावा म्हणून मी शिकले. विलासला जे जन्मजात मिळालं ते मी परीक्षा देऊन मिळवलं. आता माझ्या हातांतून देव जातात, राक्षस जातात, राजेराण्या जातात. मूर्तीच्या गालावरची शतकांची काजळी काढायला कधीकधी थुंकीसारखं दुसरं औषध नसतं. कापसाची काडी जिभेला लावायची आणि हलक्या हाताने फिरवायची. हे आमच्या शास्त्रात बसतं. पण हात मात्र मोज्यांत.

बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी मुंबईत होते. त्राटिकेचे डोळे दरवर्षी नव्याने काढावे लागतात, आणि थरथरत्या हाताने काढलेला डोळा गावाला लगेच कळतो. बाबांनी ब्रश सुमनच्या हातात दिला. सुमन म्हणजे विलासची बायको, वावर गावाजवळच्या वांगणीची. अंगणवाडीत काम करते. कमी बोलते, आणि तेही समोरच्याच्या खांद्याकडे बघून. मला हे कळलं ते पुढच्या बोहाड्याला गावी गेल्यावर. ओटीवर एक पाय दुमडून ती बसली होती, मांडीवर त्राटिका, पोरीची वेणी घालायला बसावं तशी. बाबा शेजारी. ते तिला सांगत होते की दोन्ही डोळ्यांनी एकीकडे नाही बघायचं, एक डोळा रामावर, दुसरा लोकांवर. म्हणून तर पोरं भितात. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी इतकी वर्षं त्या डोळ्यांकडे बघत होते आणि मला वाटायचं, बाबांचा हात चुकतो.

माझ्या पोटात दुखलं. आजही दुखतं, त्याला दुसरा शब्द नाही. परजातीच्या, परगावच्या, आणखी कोणाच्या हाती ब्रश गेला असता तर मी हळहळले असते. पण हा गेला होता घरातल्याच, काल आलेल्या बाईकडे. मी दुसऱ्या घरची आणि ती या घरची, हा हिशेब सरळ होता, आणि तो सरळ होता म्हणूनच मला त्याच्याशी भांडता येत नव्हतं. मी सुमनला म्हटलं, छान जमलंय. तिने माझ्या खांद्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर दर बोहाड्याला मी गावी जायची ती तिच्या चुका शोधायला. हार्डवेअरच्या दुकानातला तैलरंग ती थरावर थर देते, त्याने लाकूड श्वास घेत नाही. सुळ्यांना पांढरा जास्त होतो. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. नणंद आली की घरात आधीच भांडी जरा जपून वाजतात.

मला आठवत राहतो तो मात्र दोन वर्षांपूर्वीचा बोहाडा. होळीनंतर विलासचा फोन आला. त्राटिकेला घोंगडीतून काढलं तर घोंगडीवर पिठासारखा भुसा पडला होता. मी गेले. दुपारची वेळ, राबाच्या धुराने डोंगर पुसट झालेले. मी मुखवटा पालथा करून जबड्याला टिचकी मारली, आतून पोकळ आवाज आला. पांगारा किड्यांचा लाडका. आणखी एखादा बोहाडा निघेल, मग नाचता नाचता जबडा गळून पडेल, असं मी सांगितलं. हे खरं होतं. आणि हे सांगताना मला मनातून आनंद झाला, हेही खरं होतं. कारण माझ्याजवळ उपाय होता. आमच्या संग्रहालयाला या भागातले मुखवटे हवेच होते. त्राटिका आम्हाला द्या, म्हटलं. कीड मारू, लाकूड घट्ट करू, काचेत ठेवू, पुढची शेकडो वर्षं काही होणार नाही.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. बाबांना काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, सुमन रडली तर काय, सगळं वाटेत घोकून ठेवलं होतं. तिचं काय तोंड होईल याचं चित्रही मी रंगवलं होतं. पण बाबा नुसते हो म्हणाले. सुताराला नवी करायला सांगू, म्हणाले. विलासला तर बरंच वाटलं. नवी जरा हलकी करा, त्याने लगेच मागणी केली. सुमन चुलीशी होती, ती भाकरी थापत राहिली. मला जे ओरबाडून घ्यायचं होतं ते त्यांनी जुनं घमेलं द्यावं तसं दिलं.

नवी त्राटिका तयार झाली. मग मान देण्याचा विधी झाला. दोन सुपांत तांदूळ पसरून जुनी आणि नवी समोरासमोर ठेवल्या, नारळ फोडला, भगताने जुनीच्या कपाळावरचा शेंदूर बोटाने काढून नवीच्या कपाळाला लावला. झालं. इतकंच. बाबा उठले आणि जुनीकडे पाठ करून नवीसमोर बसले. रीतच तशी, मान गेला की जुनी म्हणजे लाकूड. एरवी तिला नदीत सोडतात. मी पेटी आणायला गाडीकडे गेले. परत आले तेव्हा सुमन जुनीला मांडीवर पालथी घेऊन ब्लेडने टाके कापत होती. आतली गादी तिने अलगद सोडवली, पदराखाली घेतली आणि आत गेली. संग्रहालयाला मुखवटा हवा होता, चिंध्या नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पेटी मुंबईत ठेवून त्या वर्षी बोहाड्याला मी परत आले. आमच्या गावात अखेरच्या दिवशी सकाळी सोंगं पुन्हा एकदा निघतात. ऊन नुकतंच कौलांवर आलेलं, संबळ रात्रभर वाजून घसा बसल्यासारखा झालेला, आणि गल्लीच्या तोंडाशी नवी त्राटिका आली. एक डोळा रामावर, एक लोकांवर. पोरं किंचाळत सुटली. एक पोरगी माझ्या साडीत तोंड लपवून उभी राहिली. बाबा ओटीवरून हसत होते. शेजारच्या बायका सुमनला म्हणत होत्या की अवो, जुनीपेक्षा हीच भारी. सुमन खाली बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी फोन वर धरून चित्रफीत घेत होते, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसारखी. माझी त्राटिका तेव्हा मुंबईत एका कपाटात उताणी पडली होती. मी मागून घेतलं ते मला मिळालं होतं, आणि सगळी मजा इथेच राहिली होती.

प्रयोगशाळेत तिच्यावर मी मन लावून काम केलं, हे मात्र मी सांगणार. किडीच्या भोकांत सुईने औषध सोडलं. जबडा आतून सांधला. रंगाचे सुटलेले पापुद्रे एकेक करून बसवले. भिंगाखाली रंगांचे थर दिसतात, कडेला तुटलेल्या जागी एकावर एक. सगळ्यात वर सुमनचे चकचकीत, खाली बाबांचे मंद, त्याखाली गेरू आणि काजळ, आजोबांच्या काळातलं असावं. माझा एकही नाही. मी तिला पालथी केली की आत कपाळाच्या जागी एक गुळगुळीत काळा पट्टा दिसायचा, गादीतून झिरपलेल्या घामाचा. तिथे बोट ठेवायची मला सवय लागली. मोज्यातून काही कळत नसे.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना डोळ्याच्या तपासणीसाठी मुंबईला आणलं. सुमन सोबत आली. परतायच्या आधी म्हटलं, चला, आमचं संग्रहालय दाखवते. खरं तर मला सुमनला दाखवायचं होतं. थंडगार दालन, संगमरवरी फरशी, आणि काचेत नेमक्या दिव्याखाली त्राटिका. मान गेला की लाकूड म्हणणारे माझे वडील तिच्यासमोरच्या बाकावर जे बसले ते उठेनात. चपला काढून बाकाखाली ठेवल्या होत्या त्यांनी. रखवालदाराला हाक मारून त्यांनी सांगितलं की ही आमच्या घरची, आणि ही जी बाई हाय ना, ती माझी लेक, तिनं वाचवली हिला. रखवालदार मला चांगला ओळखतो. त्याने कौतुकाने मान डोलावली. बाबा पुन्हा सांगायला लागले.

सुमन बाजूला उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने पहिल्यांदाच माझ्या खांद्याकडे न बघता थेट माझ्याकडे बघितलं.

"तुमचं बरं हाय ताई," ती म्हणाली. "नवी मी रंगवली तवा बाबा म्हनले, ठीक हाय. गाव नावाजत व्हता, बाबा नाय. घरात उठता-बसता तुमचंच. माझी लेक, माझी लेक. मी रोज भाकरी वाढते, मना कवा म्हनले नायत."

मला काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि त्या बातमीने मला उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसा गारवा आला. तुझं ऐकून वाईट वाटलं, असं मी म्हणायला हवं होतं बहुतेक. मी म्हटलं, बाबांचा स्वभावच तसा. आणि मुखवटा आतून रिकामा आहे, तिथे बोट ठेवून मी उभी राहायची, हे तिला सांगितलं नाही.

मग तिने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. पिवळ्या फडक्यात बांधलेली. सोडली तर आत अंजिरी रंगाची, कडक झालेली, काळपट डागांची घडी. आईच्या लुगड्याचा थर.

"नवीच्या गादीत माझंच लुगडं हाय," सुमन म्हणाली. "आजींचा थर विरून गेलता. आईंचा घातला नाय मी. नवी माझी, जुनी तुमची. वाटनी झाली पायजे ना, ताई. हा तुमचा."

आमच्या संग्रहालयात बाहेरून आलेलं कापड थेट वस्तूजवळ नेत नाहीत. त्यात कसर असू शकते, अंडी असू शकतात. मी सवयीने मोजे चढवले, घडी पारदर्शक पिशवीत घातली, हवा काढली, तोंड बंद केलं आणि तिला आत नेऊन बर्फापेक्षाही गार पेटी दाखवली. काही दिवस यात राहील, मग कीड उरत नाही, असं समजावलं. पिशवी आत जाताना सुमन काचेतून बघत होती. आईंना थंडी सोसत नव्हती, एवढंच ती बोलली.

आईच्या गुडघ्यांना तेल लावायचं कोण, तर सुमन. शेवटच्या हिवाळ्यात शेकोटी पेटवून ठेवायचं कोण, तर सुमन. मी महिन्याकाठी फोन करायची आणि आई म्हणायची, माझं काय, सुमन हाय ना. त्या तीन शब्दांचा मला जितका राग यायचा तितका मला कोणी दिलेल्या शिव्यांचा आला नसेल. आता आईचं लुगडं मी गोठवलं होतं आणि त्याची काळजीही तिलाच.

मुदत संपल्यावर पिशवी बाहेर काढली. तिला हळूहळू खोलीच्या हवेवर येऊ द्यायचं असतं, घाई केली तर ओल धरते. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी पिशवी उघडली. थंडीने कीड मरते, वास मरत नाही. मोखाड्याकडचा धूर, टेंभ्याचं तेल, जुना घाम. घाम विलासचा आणि बाबांचा, पण खाली, दोऱ्यांच्या गाठींजवळ, आईची पेटी उघडल्यावर यायचा तो वास. मी मोजे काढले. ती घडी कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. आत गुरगुरून बघावंसं वाटलं, विलाससारखं. खोलीत कोणी नव्हतं तरी लाज वाटली.

नियमाने ती आता त्राटिकेच्या आत जायला हवी होती. मुखवट्याचाच भाग आहे ती, तसं माझ्या वरिष्ठांनी मान्यही केलं आहे. दोन टाके घातले की झालं. पण घडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आम्लमुक्त कागदात गुंडाळलेली. आज जाते, उद्या जाते असं चाललं आहे. एकदा ती काचेच्या आत गेली की सगळ्यांची झाली. शाळेच्या सहलींची, रखवालदाराची, बाकावर बसून सांगणाऱ्या बाबांची.

आणि पुन्हा शिमगा सरला. परवा सुमनचा फोन आला. राब भाजून झाले, मोह यंदा उशिरा गळतोय, विलासला नवी त्राटिका अजून जडच वाटते. मग थांबून तिने विचारलं, आईंना ठेवलंत का तिच्यात?

"नाही अजून," मी म्हटलं. "राहू दे थोडे दिवस माझ्याकडे."

तिच्या मागे कुठे तरी संबळ तापवत असल्याचा आवाज येत होता. मग ती हसली. सुमनला हसताना मी क्वचितच ऐकलं आहे.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या पन उशाखालीच व्हता की, तुमाला दिला तवर."

फोन ठेवला. डोळे भरून आले होते, ते पुसले. आणि पुसता पुसताच मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे तिच्याकडे आईचा थर माझ्यापेक्षा जास्त दिवस होता.